दोरकाका बसून जेवतात

"आता एकच गोष्ट लक्षात ठेवायची," खुर्चीत टेकल्या टेकल्या काकूंनी दोरकाकांना तिसऱ्यांदा बजावलं, "जेवण संपेपर्यंत उठायचं नाही."

"नाही उठत."

"पाणी हवं असलं तर मागायचं. काही पडलं तर पडू द्यायचं. कोणी हाक मारली तर नुसती मान वळवायची. बाकीचं अंग खुर्चीत."

"अगं, नाही उठत म्हटलं ना."

काकूंचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. दोरकाकांनी एकतीस वर्षं फेरीबोटीवर काढली होती. खाडीच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं नेणारी ती बोट. तिच्यावर दोरकाकांचं काम एकच: बोट धक्क्याला लागली की दोर बांधायचे आणि सुटायची वेळ झाली की सोडायचे. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर आली नाही. बोट पलीकडे पोचायला बारा मिनिटं लागायची आणि धक्क्यावर ती सात मिनिटं थांबायची. त्या सात मिनिटांत एका हातात डबा घेऊन, दोर बांधायच्या खुंट्याला पाठ लावून, उभ्या उभ्या दोरकाका जेवायचे. पुढे खाडीवर पूल झाला, फेरी बंद पडली, दोरकाका निवृत्त झाले, पण सात मिनिटं काही सुटली नाहीत. घरी काकू आपलं ताट वाढून घेऊन समोर येईपर्यंत यांचं ताट धुऊन पालथं पडलेलं असायचं. जित्याची खोड म्हणतात ती ही.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," काकू परवा मुलीजवळ म्हणाल्या होत्या, "मी या माणसाला वाढलंय खूप, पण त्याच्यासमोर बसून एक जेवण काही मी जेवले नाही. एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोरासमोर बसून जेवायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मुलीने ते मनावर घेतलं. योगायोग असा की तिच्या नवऱ्याला तीन महिन्यांपूर्वी जी नोकरी लागली होती ती त्याच बोटीवर. फरशीच्या एका व्यापाऱ्याने ती जुनी फेरीबोट विकत घेतली, इंजिन काढून भंगारात घातलं, नवा रंग दिला, टेबलं मांडली, कठड्याला कुंड्या टांगल्या, आणि धक्क्याला बांधलेल्या त्या बोटीचं हॉटेल केलं. रविवारी दुपारी तिथे जागा मिळत नसे. समोर खाडी, डाव्या हाताला समुद्र, वरून वारा आणि बशीत ताजा मासा. जावईबापू तिथे मॅनेजर होते. त्यांनी सासूसासऱ्यांसाठी कठड्याजवळचं दोघांचं टेबल राखून ठेवलं, फक्त सासऱ्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाबा, इथे कशाला हात लावू नका हं. आज मालक येणार आहेत, त्यांच्या व्याह्यांना घेऊन."

"मी कशाला हात लावतोय? मला उठायचीच बंदी आहे," दोरकाका म्हणाले.

तर असे दोरकाका स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर रुमाल पसरून, आपल्याच बोटीवर पाहुण्यासारखे बसले होते. त्यांना चमत्कारिक वाटत होतं. जिथे लोक सायकली उभ्या करायचे तिथे आता फुलदाणी होती. इंजिनाची खोली होती तिथे हात धुवायची बेसिनं आणि थंड सामानाची एक छोटी खोली झाली होती. विस्तवाला मात्र बोटीवर मनाई होती, बंदर कार्यालयाचा तसा नियम होता. त्यामुळे स्वयंपाकघर धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तिथून एका रुंद फळीवरून वेटर ताटं घेऊन बोटीवर यायचे.

आता वेटरला ताटं तयार झाल्याचं कळायचं कसं, यासाठी जावईबापूंनी एक पद्धत बसवली होती. बोटीची जुनी पितळी घंटा त्यांनी काढून आचाऱ्याच्या डोक्यावर टांगली. सगळ्या टेबलांना जेवण एकदमच वाढायचे, त्यामुळे सूप तयार झालं की एक टोल, जेवण तयार झालं की दोन टोल, गोड तयार झालं की तीन. पद्धत चांगली होती. पण तीच घंटा एकतीस वर्षं दोरकाकांच्या कानाशी वाजत आली होती आणि त्या काळात तिची वेगळी रीत होती. एक टोल म्हणजे दोर बांधा. दोन टोल म्हणजे दोर सोडा. हे जावईबापूंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते पुलानंतरचे जावई.

धक्क्यावर एक टोल पडला. दोरकाका खुर्चीतून चार बोटं वर उचलले गेले.

"बसा," काकू म्हणाल्या.

"बसलोय."

"सूप आलंय फक्त."

सूप आलं. दोरकाकांनी ते अगदी शहाण्यासारखं, चमच्या चमच्याने, तब्बल अकरा मिनिटं लावून प्यायलं. काकू समोर बसून बघत होत्या आणि त्यांना आतून इतकं बरं वाटत होतं की सुपात मीठ कमी आहे हेसुद्धा त्या बोलल्या नाहीत. लिंबाचं सरबत आलं. वारा सुटला होता. शेजारच्या मोठ्या टेबलावर हॉटेलचे मालक आपल्या व्याह्यांना सांगत होते, "या बोटीवर पान हललं ना, तरी माझ्या हुकमाने हलतं." व्याही मान डोलावत होते. त्यांच्या मुलाशी मालकांच्या मुलीचं लग्न होऊन महिना झाला होता आणि अजून एकमेकांवर छाप पाडायचं चालू होतं.

"मी हात धुऊन येते," काकू म्हणाल्या. "जेवण येईलच आता. तुम्ही बसा."

काकू गेल्या आणि धक्क्यावर दोन टोल पडले.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं आणि ते झाल्याचं दोरकाकांनासुद्धा नंतरच कळलं. दोन्ही वेटर ताटं आणायला फळीवरून धक्क्यावर गेले आणि जावईबापू धक्क्याकडे पाठ करून मालकांना सरबत देत होते. त्यांच्या मागोमाग दोरकाका उठले, मागच्या कठड्याशी गेले, वाकून दोराचे तीन वेढे काढले, दोर आत ओढून गुंडाळला, वीस पावलं पुढे चालत गेले, पुढचा दोर सोडला, फळी आत घेतली, साखळी अडकवली, आणि वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, आत व्हा, कडेला उभं राहू नका."

कठड्याशी फोटो काढत उभे असलेले दोघंतिघं मुकाट्याने आत झाले. दोरकाका परत येऊन खुर्चीत बसले, रुमाल मांडीवर पसरला आणि हाताला ओल कसली लागली ते बघू लागले. मग त्यांनी मान वर केली. धक्क्यावर दोन वेटर हातात चार चार ताटं घेऊन उभे होते आणि त्यांच्या पायाखाली फळी नव्हती. त्यांच्या मागे आचारी झारा घेऊन बाहेर आला होता. तिघांचीही तोंडं उघडी होती, पण आवाज कोणाच्याच तोंडातून निघत नव्हता. आणि तिघंही हळूहळू लहान होत होते.

दोरकाकांनी ओला हात रुमालाखाली सारला.

काकू हात पुसत आल्या आणि बसल्या. खाडीकडे बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"अहो, आपण हलतोय का?"

"नाही, वारा आहे."

"वाऱ्याने ते पत्र्याचं शेड मागे जातंय होय?"

दोरकाका फुलदाणीतल्या फुलांकडे बघू लागले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बोट सुटली यापेक्षा त्यांना दुसराच प्रश्न पडला होता. "मी नसताना तुम्ही उठला होतात?"

"मी? मी इथेच आहे."

हे खोटं नव्हतं. ते तिथेच होते.

इकडे मालकांच्या टेबलावरही हालचाल जाणवली होती. व्याही म्हणाले, "अरे वा, बोट चालूसुद्धा होते का?"

मालकांना काहीच कळेना. या बोटीला इंजिन नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यांनी स्वतः ते भंगारात घातलं होतं. पण पान हललं तरी माझ्या हुकमाने हलतं, हे वाक्य बोलून अजून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि इथे तर पान नाही, आख्खं झाड हललं होतं. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर शांत दिसत होता. म्हणजे यानेच काहीतरी ठरवलेलं दिसतंय, मला खूश करायला, असं मालकांना वाटलं. ते ऐटीत म्हणाले, "होते म्हणजे काय. तुमच्यासाठी खास."

जावईबापू शांत दिसत होते कारण भीतीने त्यांचा चेहरा दगडाचा झाला होता. पाण्याला ते लहानपणापासून घाबरत. बोटीवर नोकरी धरली ती, बोट बांधलेली आहे, या एकाच भरवशावर. पण मालकांच्या तोंडून 'तुमच्यासाठी खास' ऐकल्यावर त्यांनाही उलगडा झाला. मालकांनीच कोणाला तरी सांगून बोट सोडवली असणार. विचारायची सोय नव्हती. गेल्याच आठवड्यात मालकांनी त्यांना झापलं होतं, "दर गोष्टीला मला काय विचारता? डोकं कशाला दिलंय?" तेव्हा जावईबापूंनी डोकं वापरलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी मालकांकडे बघून मान हलवली. मालकांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. दोघांचंही समाधान झालं.

तेवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला. आचारी होता.

"साहेब, बोट कुठे चाललीय?"

"हळू बोल. मालकांचं काहीतरी चाललंय," जावईबापू तोंडावर हात धरून म्हणाले.

"पण माशाचं काय करू? चाळीस ताटं भरलीयत. गार होतील."

जावईबापूंनी पुन्हा डोकं वापरलं. ही बोट आयुष्यभर एकाच ठिकाणी गेली, ती म्हणजे पलीकडच्या धक्क्यावर. मग आज आणखी कुठे जाणार? "सगळं टेम्पोत भर आणि पुलावरून पलीकडच्या धक्क्यावर ये. आम्ही तिथे पोचतोच."

हे बोलणं दोरकाकांच्या कानावर पडलं आणि ते खुर्चीच्या कडेवर सरकले. कारण बोट कुठे चाललीय हे त्या चाळीस माणसांत फक्त त्यांना माहीत होतं. भरतीची वेळ होती. इंजिन नसलेली बोट भरतीला पलीकडे जात नाही, खाडीत आत जाते, वळणापर्यंत, आणि फेरीच्याही आधी वाहून गेलेल्या जुन्या पुलाच्या लाकडी खांबांना पाठ टेकून उभी राहते. बुडायची नाही की उलटायची नाही, खांब तिला आईसारखे धरून ठेवतात. पण तिथे ना धक्का, ना रस्ता, ना मासा. हे जाऊन जावयाला सांगायला हवं होतं. सांगायचं तर उठायला हवं होतं. उठायचं तर समोर काकू होत्या.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"कुठे काय."

"मग असे कडेवर का बसलात? नीट मागे टेकून बसा."

दोरकाका मागे टेकले. आपण उठून दोर सोडून आलो ही एक पंचाईत, ते काकूंपासून लपवलं ही दुसरी, आणि लपवायचं असेल तर आता हलताही येत नाही ही तिसरी. माणसाने एकतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली तर त्याचं असं फळ मिळावं, याचा त्यांना मनापासून राग आला, पण तो धरायचा कोणावर ते कळेना.

वीस मिनिटांनी बोट खांबांना टेकली. धक्का इतका हलका होता की सरबतसुद्धा सांडलं नाही. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनीही वाजवल्या आणि व्याह्यांना म्हणाले, "बघा कसं अचूक उभं केलं." मग दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत राहिले, कारण पुढे काय ते दुसऱ्याला माहीत असणार असं प्रत्येकाला वाटत होतं. फोनवर आचारी जावईबापूंना विचारत होता, "साहेब, मी धक्क्यावर उभा आहे, बोट कुठाय?" आणि जावईबापू त्याला सांगत होते, "मी बोटीवर उभा आहे, धक्का कुठाय?"

भूक ही गोष्ट मात्र कोणाच्या भिडेला बळी पडत नाही. पहिल्यांदा एक लहान मूल रडायला लागलं. मग कोपऱ्यातल्या टेबलावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. एकटीने जेवायला आल्या होत्या आणि सुपानंतर त्यांनी तीनदा घड्याळ बघितलं होतं. त्या सरळ दोरकाकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही इथले कर्मचारी ना?"

"मी? नाही हो बाई."

"मघाशी फळी तुम्हीच आत घेतलीत. आणि मला आत व्हायला सांगितलंत. मी झाले. आता जेवण कधी येणार ते सांगा."

दोरकाकांनी मान खाली घातली. काकूंनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. बाईंना वाटलं, या माणसाकडून काही कळायचं नाही, आणि त्या जावईबापूंच्या शोधात निघून गेल्या.

"उठला होतात," काकू म्हणाल्या.

"कळलंच नाही गं मला. दोन टोल पडले आणि... शप्पथ, हात आपोआप चालले. तुझ्याशी लबाडी करायची नव्हती, पण तू विचारलंस तेव्हा खरं सांगायची छाती झाली नाही. एक दिवस मागितला होतास तू आणि तोही मी..."

काकूंनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. त्या विचार करत होत्या.

"तेव्हा जेवण आलं होतं?"

"नव्हतं."

"ठरलं काय होतं? जेवण संपेपर्यंत उठायचं नाही. आता सुरूच झालं नाही ते संपेपर्यंत उठायचा प्रश्न कुठे येतो? ते धरत नाही मी," काकूंनी निकाल दिला. "पण आता उठाल तर धरेन."

वकिलाने सोडवलं नसतं असं बायकोने सोडवलं होतं. ते खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले, आणि ते लहान मूल पुन्हा रडलं.

"बिचारं भुकेलंय," काकू म्हणाल्या. "मी बघून येते आत काही आहे का. तुम्ही बसा."

थंड सामानाच्या खोलीत पाव होते, लोणी होतं, काकड्या, टोमॅटो, लिंबं आणि केळी होती. काकूंनी त्या मुलासाठी एका पावाला लोणी लावलं. मग त्याच्या धाकट्या बहिणीसाठी लावलं. मग दारात मुख्याध्यापिकाबाई उभ्या दिसल्या. मग काकूंनी पदर खोचला. पाच मिनिटांत मुख्याध्यापिकाबाई काकड्या चिरत होत्या, व्याही लिंबं पिळत होते, आणि पाण्याला घाबरणारे जावईबापू डोळे मिटल्यासारखे करून टेबलाटेबलांवर बशा पोचवत होते. मालक कोणाला काही सुचवायला आत गेले तर काकूंनी त्यांच्या हातात केळ्यांचा घड दिला आणि म्हणाल्या, "एकेकाला एकच द्या." मालकांनी एकेकाला एकच दिलं. बोटीवर मोठी मजा आली. लोक टेबलं जोडून बसले, अनोळखी माणसं एकमेकांकडे मीठ मागू लागली.

या सगळ्या धांदलीत एकच माणूस बसून होता. दोरकाकांपुढे काकूंनी येता येता एक बशी ठेवली. "खाऊन घ्या."

"तू ये ना."

"आलेच. त्या पलीकडच्यांना पाणी देते."

पाणी दिलं तर कोणाला चमचा हवा होता. चमचा दिला तर कोणाला मीठ. दोरकाका बशीला हात न लावता समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले. "आता बस की," काकू दोनदा जवळून गेल्या तेव्हा ते दोनदा म्हणाले. "आलेच," काकू दोनदा म्हणाल्या. समोर कोणी नसताना ताटावर बसणं किती कठीण असतं ते दोरकाकांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. घास घशाखाली उतरत नाही आणि नजर कुठे ठेवावी ते समजत नाही. चौतीस वर्षांची जेवणं त्यांनी मनातल्या मनात मोजायला घेतली आणि मग घाबरून मोजणं सोडून दिलं.

तासाभराने बंदर कार्यालयाची लाँच फटफट करत आली. आचाऱ्याने वर्दी दिली होती. लाँचवरचा अधिकारी बोटीवर चढला, त्याने पाव खाणारी चाळीस माणसं बघितली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "ही बोट कोणी सोडली?"

व्याही कौतुकाने बघत होते. मालक पुढे झाले. "मी सोडली."

"नाही साहेब, मी सोडली," जावईबापू म्हणाले. मालकांवर बालंट येऊ नये म्हणून त्यांनी जिवावर उदार होऊन हे सांगितलं होतं. मालकांनी त्यांच्याकडे इतक्या मायेने बघितलं की ती नोकरी त्या क्षणी पक्की झाली.

दोरकाकांना हे सहन झालं नाही. आपल्या पापासाठी दोन भली माणसं मान पुढे करतायत, आणि त्यातला एक तर घरचा जावई. ते खुर्चीतूनच म्हणाले, "त्या दोघांनाही काही माहीत नाही. बोट मी सोडली."

अधिकाऱ्याने वळून बघितलं. मांडीवर रुमाल, पुढे भरलेली बशी, खुर्चीचे हात धरून बसलेला एक म्हातारा.

"तुम्ही?"

"मी."

"छे हो," शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं. "हे काका तर मघापासून जागचे हललेले नाहीत. आम्ही सगळे कामाला लागलो, पण यांनी काही खुर्ची सोडली नाही."

"मी सांगतोय ना, मीच सोडली."

"बसा काका, बसा," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. मुख्याध्यापिकाबाई खऱ्या साक्षीदार होत्या, पण त्या आत काकड्या चिरत होत्या, आणि फोटो काढणाऱ्यांनी आत व्हायला कोण सांगतंय ते वळूनही बघितलं नव्हतं. अधिकाऱ्याने कागदावर 'दोर आपोआप सुटला' असं लिहिलं, मालकांची सही घेतली आणि बोट लाँचला जोडली.

बोट धक्क्याला आली तेव्हा साडेतीन वाजले होते. पोटं भरलेली माणसं काकूंचा निरोप घेऊन उतरली. व्याही जाता जाता मालकांना म्हणाले, "असं जेवण आम्ही कुठे जेवलो नव्हतो," आणि मालक म्हणाले, "तीच तर कल्पना होती." लाँचवाल्यांनी दोर नुसते खुंट्यांवर अडकवले आणि लाँच गेली. बोटीवर उरलं ते फक्त कठड्याजवळचं टेबल, एक न खाल्लेली बशी आणि दोरकाका. समोरच्या खुर्चीत काकू येऊन धप्पकन बसल्या.

"दमले," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाल्लं नाहीत?"

"तू कुठे होतीस?"

काकूंनी रिकाम्या झालेल्या टेबलांवरून नजर फिरवली. आपण स्वतः किती वेळा उठलो याचा हिशोब त्यांच्या तोंडावर उमटत होता. "मीच की हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला बसवलं आणि मीच उठले."

"जेवण सुरू झालं नव्हतं," दोरकाका म्हणाले. "ते धरत नाही मी."

त्याच वेळी धक्क्यावर टेम्पो येऊन थांबला. वरातीमागून घोडं यावं तसा आचारी पुलाला वळसा घालून चाळीस माणसांचं जेवण परत घेऊन आला होता, आणि जेवायला माणसं होती दोन. जावईबापूंनी स्वतः ताटं वाढली. मासा आचाऱ्याने पुन्हा गरम केला होता. पांढरा वाफाळता भात, लिंबाच्या फोडी, सगळं टेबलावरच ठेवून घेतलं, म्हणजे कोणाला कशासाठी उठायला नको. "आई, आणखी काही लागलं तर हाक मारा," असं म्हणून जावईबापू फळीवरून लगबगीने धक्क्यावर गेले. जमिनीला पाय लागल्यावर त्यांचा चेहरा माणसासारखा झाला. दोघांच्या मधे कोणी येऊ नये म्हणून फळी उचलून ठेवली, मग बोटीचे दोन्ही दोर त्यांनी खुंट्यांना नीट बांधले, हात झटकले, आणि ते आचाऱ्याबरोबर उरलेल्या अडतीस ताटांचं काय करायचं त्याचा विचार करायला शेडमध्ये गेले.

दोरकाकांनी मासा फोडला. काट्यातून अलगद सोडवलेला मोठा तुकडा काकूंच्या ताटात ठेवला. काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

दोरकाकांची नजर काकूंच्या खांद्यावरून मागे गेली. मागच्या खुंट्यावरची गाठ त्यांना स्वच्छ दिसत होती. जावईबापूंनी दोर खुंट्याला तीनदा गुंडाळून वर एक फूल बांधलं होतं, बुटाच्या नाडीचं बांधतात तसं. पुढचीही तशीच असणार. भरती अजून तासभर चढणार होती. प्रत्येक लाटेबरोबर ते फूल थोडं थोडं सैल होत होतं.

"काय बघताय मागे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," दोरकाका म्हणाले. "तू जेव सावकाश."

ती गाठ फार तर दहा मिनिटं टिकेल असा त्यांचा अंदाज होता, आणि दोराच्या बाबतीत त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, भातावर लिंबू पिळलं आणि आपला पहिला घास घेतला.